शेफील्डची आग आणि बंद अलार्म: एका ‘हो’ची किंमत

विम्याच्या प्रस्तावपत्रावर प्रश्न होता: या जागेत घुसखोरीची सूचना देणारी अलार्म यंत्रणा बसवली आहे का? असल्यास बसवणाऱ्या कंपनीचे नाव द्या. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या एका व्यापारी जागेच्या मालकाने ‘हो’ असे उत्तर दिले, खाली सही केली आणि लंडनच्या लॉइड्स बाजारातल्या विमेकऱ्यांकडून आगीचा विमा घेतला. पुढे जागेला आग लागली. मालकाने दावा केला. आग लागली तेव्हा अलार्म यंत्रणा चालू नव्हती, असे विमेकऱ्यांना कळले आणि तेवढ्यावर त्यांनी दाव्याची जबाबदारी नाकारली.

प्रकरण अपील कोर्टात गेले आणि 1996 च्या लॉइड्स रिपोर्ट्स या निकालसंग्रहात ‘हुसेन विरुद्ध ब्राऊन’ या नावाने नोंदले गेले. जागा व्यापारी होती, राहते घर नव्हते. नुकसान आगीने झाले होते, चोरीने नाही. तरीही घराच्या विम्यातल्या अलार्म, कुलपे आणि सुरक्षेच्या अटी समजून घ्यायच्या तर याच प्रकरणापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. फॉर्मवर जी खूण आपण विचार न करता करतो तिच्यातून विमा कंपनी केवढा मोठा अर्थ काढू शकते, आणि तो अर्थ कोर्टात कुठवर टिकतो, हे इतके स्वच्छ दाखवणारी प्रकरणे फार थोडी आहेत.

विमेकऱ्यांचे म्हणणे काय होते ते आधी नीट पाहू. वाद असा नव्हता की मालक सहीच्या दिवशी खोटे बोलला. वाद पुढच्या काळाचा होता. विमेकरी म्हणत होते, ‘अलार्म आहे’ या उत्तरात एक वचन दडलेले आहे: पॉलिसी चालू असेपर्यंत ही यंत्रणा जागेवर राहील, चालू स्थितीत राहील, आणि जागा रिकामी असेल तेव्हा ती लावलेली असेल. हे वचन मोडले, म्हणून विमा संपला. आगीचा आणि अलार्मचा संबंध आहे की नाही, हे पाहण्याची गरजच नाही.

आज वाचताना हा युक्तिवाद ताणलेला वाटेल, पण त्याला जुन्या कायद्याचा भक्कम आधार होता. प्रस्तावपत्राच्या शेवटी एक वाक्य असे: वरील सर्व उत्तरे खरी आहेत आणि ती या कराराचा पाया आहेत. या एका वाक्यामुळे फॉर्मवरचे प्रत्येक उत्तर, मग ते कितीही किरकोळ असो, विम्याच्या भाषेतली ‘वॉरंटी’ होऊन जाई. ही वॉरंटी मिक्सरबरोबर मिळणाऱ्या वॉरंटीहून अगदी निराळी. इथे हमी ग्राहक देतो, कंपनीला. आणि ती तंतोतंत पाळावी लागते.

किती तंतोतंत? इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे 1786 मध्ये आलेल्या ‘डी हान विरुद्ध हार्टली’ या प्रकरणात जहाज लिव्हरपूलहून 50 किंवा अधिक माणसे घेऊन निघाले, अशी हमी पॉलिसीत होती. प्रत्यक्षात निघताना 46 माणसे होती. थोड्याच अंतरावर वेल्समधल्या बोमॅरिसला आणखी सहा जण चढले आणि संख्या 52 झाली. पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जहाज गमावले, तेव्हा त्या चार माणसांच्या उणिवेचा नुकसानीशी काडीचाही संबंध नव्हता. तरी दावा बुडाला. हाच नियम ब्रिटनच्या 1906 च्या सागरी विमा कायद्याच्या कलम 33 मध्ये उतरला: हमी जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची असो वा नसो, ती हुबेहूब पाळलीच पाहिजे. भारताच्या 1963 च्या सागरी विमा कायद्याच्या कलम 35 मध्येही तो तसाच आला. 1991 मध्ये ‘गुड लक’ या जहाजाच्या प्रकरणात हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, आणखी स्पष्ट केले की हमी मोडली त्या क्षणी विमेकऱ्याची पुढची जबाबदारी आपोआप संपते. त्याला काही कळवावे लागत नाही, काही निवडावेही लागत नाही.

आता हे शेफील्डला लावून पाहा. ‘हो’ या उत्तरात पुढच्या काळाचे वचन आहे असे मानले, तर अलार्म बंद पडला त्या रात्रीच विमा संपला होता. मालक मात्र विमा आहे अशा समजुतीत हप्ते भरत राहिला असता.

विमेकऱ्यांच्या बाजूने पूर्वीचा एक निकालही होता. 1960 च्या ‘हेल्स विरुद्ध रिलायन्स’ या प्रकरणात दुकानदाराला विचारले होते की दुकानात ज्वालाग्राही तेल किंवा माल ठेवता का. त्याने फक्त सिगारेट लायटरच्या इंधनाचा उल्लेख केला. पुढे 5 नोव्हेंबरच्या उत्सवासाठी त्याने फटाके आणून ठेवले आणि दुकानाला आग लागली. तिथे कोर्टाने त्याचे उत्तर पुढच्या काळालाही लागू धरले. उलट बाजूला 1970 च्या दशकातला स्कॉटलंडचा एक निकाल होता. तिथल्या माणसाने विमा घेताना लिहून दिले होते की मी जन्मापासून दारूला स्पर्श केलेला नाही. नंतर एकदा त्याने मद्यपान केले आणि गाडीचा अपघात झाला. स्कॉटलंडच्या कोर्टाने ठरवले की त्याने भूतकाळाबद्दल आणि त्या दिवसाबद्दल सांगितले होते. यापुढे कधीच पिणार नाही असे वचन त्यात नव्हते.

अपील कोर्टात निकाल लिहिला लॉर्ड जस्टिस सॅव्हिल यांनी, आणि तो विमाधारकाच्या बाजूने गेला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा: प्रस्तावपत्रातली उत्तरे भविष्याबद्दलची वचने म्हणून वाचावीत असा विमा कायद्याचा कोणताही खास नियम नाही. साधा करार वाचतो तसेच इथेही शब्द त्यांच्या संदर्भात वाचायचे. प्रश्न वर्तमानकाळी आहे, उत्तरही वर्तमानकाळी आहे. अलार्म पुढे चालू ठेवण्याबद्दल किंवा रोज लावण्याबद्दल त्यात अक्षर नाही. शिवाय पुढेही चालू राहणारी हमी ही फार कठोर गोष्ट आहे, कारण ती मोडल्यावर नुकसानीशी संबंध नसतानाही सगळे संरक्षण जाते. एवढे कठोर संरक्षण विमेकऱ्यांना हवे असेल, तर ते स्पष्ट शब्दांत मागणे त्यांच्या हातात आहे.

मला हा निकाल न्याय्य वाटतो, आणि तो फक्त सहानुभूतीमुळे नाही. फॉर्म कंपनीने लिहिलेला असतो. कोणता प्रश्न विचारायचा, कोणता नाही, अट कोणत्या शब्दांत घालायची, हे सगळे तिच्या कायदेतज्ज्ञांच्या हातात असते. ग्राहकाकडे फक्त उत्तराचा चौकोन असतो. न विचारलेल्या प्रश्नाचे ओझे त्याच्यावर टाकणे चूकच होते.

मात्र या निकालाचा दुसरा अर्धा भाग विमा कंपन्यांनी चांगला लक्षात ठेवला. कोर्टाने स्पष्ट मागा म्हटले; त्या स्पष्ट मागू लागल्या. आज ब्रिटनमधल्या घराच्या पॉलिसीसोबत येणारे पुरवणी कलम साधारण असे असते: घर रिकामे असताना आणि रात्री घरातले सगळे झोपायला गेल्यावर अलार्म पूर्णपणे लावलेला असला पाहिजे, त्याची देखभाल करार करून ठरावीक काळाने झाली पाहिजे, तो नीट चालू असला पाहिजे, यांपैकी काही चुकल्यास चोरीची भरपाई मिळणार नाही. इथे हुसेनचा निकाल मदतीला येत नाही. शब्द पुढच्या काळाचेच आहेत.

लंडन परिसरातल्या हॅरो, स्लाव, वेम्ब्ली भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी या कलमाकडे विशेष लक्ष द्यावे. घरात मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या, लेकीसाठी जमवलेले सोने असते. दिवाळीच्या सुमारास तिकडे लवकर अंधार पडतो आणि घरातले सगळे कुणाकडे तरी फराळाला गेलेले असतात. विम्याची तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळावर ‘व्यावसायिकाने बसवलेला अलार्म आहे’ या चौकोनात खूण केली की हप्ता थोडा कमी दिसतो. तो कमी झालेला हप्ता फुकट नसतो. बदल्यात वरचे कलम पॉलिसीला चिकटू शकते. मांजर फिरते म्हणून खालच्या मजल्याचा अलार्म कधी लावतच नसाल, किंवा सासू-सासरे भारतातून सहा महिन्यांसाठी आले आहेत आणि त्यांना कोड जमत नसेल, तर ती खूण करू नये. थोड्या पाउंडांच्या सवलतीसाठी सोन्याचे संरक्षण रोज रात्री एका बटणावर टांगून ठेवण्यात शहाणपण नाही.

नंतर ‘लावला होता’ असे सांगून भागतही नाही. आधुनिक अलार्मच्या पॅनेलमध्ये कधी लावला, कधी काढला, कोणत्या कोडने, याची नोंद राहते. नुकसानीची पाहणी करायला येणारा लॉस अ‍ॅडजस्टर ती नोंद उतरवून घेतो. सोबत तो देखभालीच्या पावत्या मागतो आणि दाराचे कुलूप पाहतो. ब्रिटिश पॉलिसीत बाहेरच्या दारांसाठी पाच लिव्हरचे, बीएस 3621 या मानकाचे कुलूप अनेकदा मागितलेले असते. कुलपाच्या पट्टीवर मानकाचा क्रमांक कोरलेला असतो. दार उघडून तो वाचायला काही क्षण लागतात. फॉर्म भरण्याआधीच तो वाचून घ्यावा.

सध्या यात एक नवी अडचण आली आहे. ब्रिटनमधले जुने तांब्याच्या तारांचे टेलिफोन जाळे जानेवारी 2027 पर्यंत बंद व्हायचे आहे. अनेक अलार्म याच तारेवरून देखरेख केंद्राला सूचना देत आले आहेत. फोन ब्रॉडबँडवर गेला की भोंगा पूर्वीसारखाच वाजतो, घरच्यांना सगळे ठीक वाटते, पण केंद्राला सूचना पोचत नाही. पॉलिसीत ‘देखरेखीखालचा अलार्म’ लिहिला असेल तर कुणालाही न कळता अट मोडलेली असते. फोनची जोडणी बदलल्यावर अलार्म कंपनीकडून चाचणी करून घ्यावी आणि तिची लेखी पावती ठेवावी.

ब्रिटनमधला कायदाही 1996 च्या जागी राहिलेला नाही. 2012 च्या ग्राहक विमा कायद्याने, 6 एप्रिल 2013 पासून, घरगुती ग्राहकांसाठी ते ‘कराराचा पाया’ वाले वाक्य निष्प्रभ केले. आता ग्राहकाने उत्तर देताना वाजवी काळजी घ्यायची असते. निष्काळजीपणे चुकीचे उत्तर दिले आणि खरे उत्तर कळले असते तर कंपनीने फक्त जास्त हप्ता लावला असता, असे असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, शून्य होत नाही. समजा 300 पाउंड घेतले आणि 400 घेतले असते, तर दाव्याचे तीन-चतुर्थांश पैसे मिळतील. जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटे सांगितले तर मात्र कंपनी पॉलिसी पूर्ण रद्द धरू शकते.

त्याहून मोठा बदल आला तो 12 ऑगस्ट 2016 पासून लागू झालेल्या 2015 च्या विमा कायद्याने. त्याच्या कलम 10 प्रमाणे हमी मोडली तर विमा कायमचा मरत नाही. मोडलेल्या काळापुरते संरक्षण थांबते, चूक सुधारली की पुन्हा सुरू होते. आठवडाभर अलार्म नादुरुस्त होता, दुरुस्त केला, महिन्याने चोरी झाली, तर जुन्या कायद्यात सगळे गेले असते. आता तेवढ्या कारणाने दावा जात नाही. कलम 11 सांगते की एखादी अट विशिष्ट प्रकारचे, विशिष्ट जागचे किंवा विशिष्ट वेळचे नुकसान टाळण्यासाठी असेल, आणि ती न पाळल्याने प्रत्यक्षात घडलेल्या नुकसानीचा धोका, ते ज्या परिस्थितीत घडले त्या परिस्थितीत, वाढूच शकत नव्हता असे विमाधारकाने दाखवले, तर कंपनीला त्या अटीआड लपता येत नाही. घरगुती ग्राहकाचे हे हक्क पॉलिसीच्या कलमाने कमी करता येत नाहीत.

या नव्या कायद्याखाली तीच आग, तोच बंद अलार्म, पण यावेळी अट अगदी स्पष्ट शब्दांत लिहिलेली, असे धरून चालू. आग वायरिंगच्या शॉर्टसर्किटने लागली असेल तर विमाधारकाचे काम सोपे आहे: घुसखोरीचा अलार्म वायर तापण्यापासून वाचवत नाही. पण कुणी आत शिरून आग लावली असेल तर? तेव्हा अलार्म वाजला असता, तो माणूस पळाला असता, असे कंपनी म्हणेल, आणि ‘धोका वाढूच शकत नव्हता’ हे सिद्ध करण्याचा भार विमाधारकावर राहील. तिसरी शक्यता सगळ्यांत अवघड: कारणच कळले नाही. सगळे जळून गेलेले, तपासनीसाचा अहवाल अनिर्णित. भार विमाधारकावर असल्याने ही अनिश्चितता त्याच्याच विरुद्ध जाऊ शकते. म्हणून नव्या कायद्याने सगळे सुरळीत झाले, असे सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. घरगुती ग्राहकाला आणखी एक आधार आहे. आर्थिक सेवांवर देखरेख करणाऱ्या एफसीए या संस्थेच्या नियमांनुसार मोडलेल्या अटीचा दाव्याच्या परिस्थितीशी संबंध नसेल, तर त्या कारणाने दावा नाकारणे सर्वसाधारणपणे अवाजवी ठरते. कंपनीचे अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिस या तक्रार निवारण संस्थेकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

भारतात 2015 सारखा कायदा झालेला नाही. इथे भिस्त पॉलिसीच्या शब्दांवर आणि कोर्टांच्या निकालांवर. संदिग्ध शब्दांचा अर्थ ते लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावायचा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1966 च्या ‘जनरल अ‍ॅशुरन्स विरुद्ध चांदमल जैन’ निकालात मान्य केलेले आहे. पण शब्द संदिग्ध नसतील तर? 2004 च्या ‘युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदन लाल’ प्रकरणात पॉलिसी घरफोडीची होती, आणि तिच्यात बळाचा वापर करून आत शिरणे किंवा बाहेर पडणे अशी व्याख्या होती. माल चोरीला गेला, पण कुलूप तोडल्याचे, दार फोडल्याचे काही दिसले नाही. खालचे तिन्ही ग्राहक मंच विमाधारकाच्या बाजूने गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल फिरवले: नुसती चोरी आणि बळ वापरून केलेली घरफोडी या पॉलिसीपुरत्या वेगळ्या आहेत, आणि करारात नसलेले शब्द कोर्ट घालू शकत नाही. सामान्य माणसाला कळेल असा अर्थ पॉलिसीत यावा म्हणून कंपन्यांनी शब्द बदलावेत, अशी अपेक्षाही त्याच निकालात व्यक्त झाली.

शेफील्ड आणि हे प्रकरण शेजारी ठेवले की दिसते, नियम एकच आहे. तिकडे विमेकऱ्यांना जास्तीचा अर्थ वाचू दिला नाही, इकडे ग्राहकाला. तत्त्व म्हणून ते समतोल आहे. व्यवहारात मात्र शब्द नेहमी एकाच बाजूने लिहिले जातात. म्हणून चावीने दार उघडून किंवा उघड्या गॅलरीतून झालेली चोरी पॉलिसीत येते का, हे इथे अलार्मपेक्षाही आधी विचारायला हवे.

पुण्या-मुंबईतल्या सोसायटीतल्या घरमालकांच्या बाबतीत त्याहूनही मुळातली एक गोष्ट आहे. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या कंपन्या विकत असलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आग, पूर, वादळ, भूकंप यांसाठी आहे. चोरी तिच्यात येते ती फक्त अशा घटनेमुळे आणि त्या घटनेपासून सात दिवसांच्या आत झालेली. गृहकर्ज देणाऱ्या बँकेने ‘घराचा विमा उतरवला आहे’ असे सांगितले, म्हणजे कपाटातल्या दागिन्यांना घरफोडीचे संरक्षण मिळाले असे होत नाही. ते वेगळे घ्यावे लागते. ते घेताना वॉचमन, सीसीटीव्ही, लॉकर, घर किती दिवस बंद राहते असे प्रश्न आले, की शेफील्डचा मुद्दा जसाच्या तसा उभा राहतो. सोसायटीने पुढे वॉचमन कमी केला, कॅमेरे बंद पडले, किंवा कोकणात गणपतीला जाऊन मुक्काम लांबला, तर काय? उत्तरे आजच्या दिवसापुरती आहेत की वर्षभर लागू, हे एजंटला तोंडी विचारू नये. कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे. परिस्थिती बदलली की तीही त्याच पत्त्यावर कळवावी.

दावा नाकारला गेलाच, तर नाकारणाऱ्या पत्रात पॉलिसीचे नेमके कोणते कलम लिहिले आहे ते आधी पाहावे. कलमच नसेल, नुसते ‘सुरक्षेत हयगय’ असे असेल, तर कलम दाखवा अशी लेखी मागणी करावी. मग कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जावे. तिथे समाधान झाले नाही किंवा महिनाभरात उत्तर आले नाही, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत तक्रार करता येते. मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत, 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, वकील लागत नाही, शुल्कही नाही. तक्रारीसोबत भरलेल्या प्रस्तावपत्राची प्रत जोडावी. बऱ्याच घरांत पॉलिसीची पुस्तिका असते, पण हा कागद नसतो, कारण तो एजंटने किंवा बँकेतल्या माणसाने भरलेला असतो आणि आपण फक्त सही केलेली असते. प्रत कंपनीकडून मागून घेता येते, आणि ती दावा उभा राहण्याआधी, आज मागितलेली बरी.